दुखतंय कुणाच्या पोटात

धाकटीचं आणि थोरलीचं पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. एकाच घरात वर-खाली राहणाऱ्या दोघी जावा, मधे एक जिना. थोरली वरच्या मजल्यावर. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातसुद्धा हातात खडू असल्यासारखीच बोलायची. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्यामुळे नळ गळला, दिवा गेला की ती खाली दिराला हाक मारायची, आणि तोही ‘आलोच वहिनी’ म्हणत जेवणाच्या ताटावरून उठायचा. तो दीर म्हणजे धाकटीचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम. धाकटी स्वतः काचेच्या दुकानात होती. मोठमोठी तावदानं टेबलावर आडवी घालायची, कटरने रेघ ओढायची, खालून अंदाजाने टिचकी मारायची आणि काच बरोब्बर रेघेवर मोडायची. हातांवर बारीक चरे, बोलण्यालाही तशीच धार.

भांडायला कारण लागायचं नाही. कधी पाण्याची टाकी, कधी जिन्यातल्या चपला. पण मुळात वाद होता तो दोन मुलींचा. थोरलीची राणी अकरा वर्षांची, वर्गात कायम पहिली. धाकटीची भिंगरी सात वर्षांची. भिंगरी हे घरातलंच नाव. एका जागी उभी राहून ती गोल गोल फिरायची, चक्कर म्हणून यायची नाही, आणि त्या वेळी तिच्या तोंडावर जे हसू फुटायचं ते पाहून धाकटीचा दिवसभराचा शीण उतरायचा. ती ऑटिस्टिक आहे हे डॉक्टरांनी फार लवकर सांगितलं होतं. बोलायची चार-दोन शब्द. खायची फक्त पांढरं: ब्रेड, दूध, उकडलेला बटाटा आणि एका ठरावीक पुड्यातलं बिस्किट. ताटात हिरवं काही दिसलं की ताट जमिनीवर. धाकटीने हे सगळं कधीच मान्य करून टाकलं होतं. पोर आहे तशी आहे, एवढंच ती म्हणायची.

पण गेल्या काही महिन्यांत भिंगरीचं काहीतरी बिनसलं होतं. संध्याकाळ झाली की ती किंचाळायला लागायची. स्वतःचं मनगट चावायची, दातांचे वळ उठेपर्यंत. नाहीतर सोफ्याच्या हातावर पोट टाकून तशीच लोंबकळत राहायची, डोकं खाली, पाय वर. कुणी उचलायला गेलं की ओरबाडायची. शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. नवरा कानांवर हात ठेवून जिन्यात जाऊन बसायचा.

एकदा असंच चाललेलं असताना थोरली खाली आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, “हे डोक्याचं नाही. हिच्या पोटात काहीतरी आहे. मी वाचलंय. अशा मुलांच्या आतड्यात वाईट जंतू वाढतात, ते वागणं बिघडवतात.”

“दुखतंय कुणाच्या पोटात ते दिसतंय मला,” धाकटी म्हणाली.

“मी भल्यासाठी सांगतेय.”

“तुमचं भलं वरच्या मजल्यावर ठेवा, ताई. इथे जागा नाही.”

थोरली गेली, पण विषय गेला नाही. तो जिन्यावरून नवऱ्याच्या पायांनी रोज खाली यायला लागला. वहिनींनी एक माणूस शोधलाय. वहिनी म्हणतात, एकदा भेटायला काय हरकत आहे. वहिनींच्या शाळेतल्या कुणाच्या भाच्याला तिथे गुण आला. शेवटी कटकट नको म्हणून धाकटी भिंगरीला घेऊन गेली; थोरलीही बरोबर आली.

तो माणूस फर्निचरच्या शोरूमच्या वर बसायचा. जिना चढून गेलं की अखंड काचेचं दार, बिनचौकटीचं, खालचे कोपरे उघडे. धाकटीचं लक्ष सवयीने आधी तिकडेच गेलं. आत पांढरे सोफे, भिंतीवर आतड्याचं मोठं चित्र, त्यातून फुलं उगवलेली. माणूस गुळगुळीत दाढीचा, गुळगुळीत बोलण्याचा. धाकटीने मनातल्या मनात त्याचं नाव पोटवाला ठेवून टाकलं.

“आई, आतडं म्हणजे बाग,” पोटवाला म्हणाला. “तुमच्या मुलीच्या बागेत नुसतं तण माजलंय. आपण ते उपटायचं आणि चांगलं बी पेरायचं.”

“तुम्ही डॉक्टर आहात?”

“मी सल्लागार आहे.”

“म्हणजे नाही. आणि बी कसलं?”

तो जरा खाकरला. “एखाद्या निरोगी, हुशार मुलाच्या पोटातले जंतू. ते आपण घेतो, पाण्यात मिसळतो, आणि नळीने मागच्या बाजूने…”

“दुसऱ्याची शी माझ्या मुलीच्या पोटात घालणार?”

“परदेशात यावर संशोधन चाललंय, आई.”

“राणीची चालेल,” थोरली मधेच म्हणाली. “ती आयुष्यात कधी आजारी पडलेली नाही.” आणि हे सांगताना तिची मान ताठ झाली, बक्षीस समारंभात पालक म्हणून उभी राहायची तशी.

धाकटी उठली. “आजवर तुमच्या मुलीचे मार्क ऐकले, ताई. आता हेही ऐकवणार?” आणि भिंगरीचा हात धरून ती जिना उतरली.

घरी आल्यावर नवरा तिच्यावर घसरला. “तू प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतेस. काहीच करायचं नाही का आपण?”

“कर ना. ती ओरडते तेव्हा जिन्यात पळू नकोस. जवळ बस.”

“बसून काय होणार आहे? मला एकदा, फक्त एकदा तिच्या तोंडून बाबा ऐकायचंय. एवढंही मागायचं नाही का मी?”

“तिच्याकडे माग. त्या पोटवाल्याकडे नको.” मग तिने शब्द तोडून तोडून सांगितलं, “माझ्या पोरीच्या अंगात कुणाची घाण जाणार नाही. विषय संपला.”

नवरा गप्प बसला. तो गप्प बसला की त्याला पटलं, असं समजण्याची चूक धाकटीने केली.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारची, ती दुकानात एका खिडकीची काच कापत होती. समोर राणी येऊन उभी राहिली. पाठीवर दप्तर, चेहरा रडून सुजलेला. राणी कधी दुकानात येत नसे. तिला काकूशी फार बोलायचीही घरातून परवानगी नव्हती.

“काय गं? घरी काही झालं?”

“काकू, तू आईला सांगणार नाहीस ना?”

“आधी बोल.”

राणीने इकडेतिकडे पाहिलं. मालक आत फोनवर होता. “आई मला रोज सकाळी डब्यात करायला लावते. मग तो डबा फ्रीजमध्ये ठेवते, लोण्याच्या शेजारी. मला खूप लाज वाटते गं. ती म्हणते, भिंगरी तुझ्यासारखी हुशार होईल. पण मला आता होतच नाही. ती दाराबाहेर उभी राहते, आणि मला होतच नाही.” तिला हुंदका आला. “आज काका भिंगरीला शाळेतून लवकर घेऊन गेला. आईपण गेली. डबे घेऊन.”

धाकटीने कटर खाली ठेवला. तिने राणीला दुकानातल्या स्टुलावर बसवलं, मालकाला म्हणाली, “हिच्याकडे लक्ष ठेवा, मी आलेच,” आणि एप्रन न काढताच स्कूटर बाहेर काढली.

शोरूमच्या जिन्यातच तिला आवाज ऐकू आला. भिंगरीचा. पण हा रोजचा आवाज नव्हता. रोजच्यात राग असायचा. हा नुसता भेदरलेला होता.

दार आतून बंद होतं. काचेतून सगळं दिसत होतं. भिंगरी उंच टेबलावर कुशीवर पडलेली, चड्डी खाली ओढलेली. नवऱ्याने तिचे पाय दाबून धरले होते आणि तोंड भिंतीकडे वळवलं होतं. थोरलीने हात धरले होते, नुसते नाहीत, ओढणीने बांधून. शेजारच्या खुर्चीवर थंड पाण्याचा डबा असतो तसला निळा डबा. पोटवाल्याच्या हातात नळी होती आणि कपाळावर घाम. “आत जातच नाहीये,” तो म्हणत होता. “पुढे काहीतरी घट्ट आहे. जोरात धरा हिला.”

धाकटीने दारावर थाप मारली. नवऱ्याने वळून पाहिलं, त्याचा चेहरा पडला. पण हात सुटले नाहीत. थोरली तिथूनच ओरडली, “झालंच आहे! दोन मिनिटं थांब बाहेर!”

धाकटी दोन मिनिटं थांबली नाही. तिच्या एप्रनच्या खिशात टोकदार हातोडी होती. असल्या काचेला मधे कितीही ठोका, ती ढिम्म हलत नाही; तिचा जीव कोपऱ्यात असतो. धाकटी खाली बसली, तोंड बाजूला वळवलं आणि उघड्या कोपऱ्यावर एकच घाव घातला. आख्खं दार क्षणभर पांढरं झालं आणि खडीसाखरेच्या पोत्यासारखं खाली ओतलं गेलं.

 भिंगरी चूप झाली. धाकटी काचांच्या कणांवरून चपला करकरवत आत गेली. तिने आधी नवऱ्याचे हात बाजूला केले, मग ओढणीची गाठ सोडली.

“पोलिसांना बोलावतो मी!” पोटवाला किंचाळला.

“बोलाव. मी खालीच भेटते त्यांना. ही नळीही दाखवू, तो डबाही दाखवू.”

त्याने काढलेला फोन परत खिशात घातला.

“तिच्या भल्यासाठीच…” थोरली पुटपुटली.

“बांधलंत तुम्ही हिला.” धाकटीचा आवाज चढला नाही. “ताई, कुत्र्यालासुद्धा कुणी असं धरत नाही.”

तिने भिंगरीला कडेवर घेतलं. पोरीचं पोट तिच्या कमरेला टेकलं आणि ती दचकली. पोट नव्हतंच ते, दगड होता. किती दिवसांत तिने या पोरीच्या पोटाला हात लावला नव्हता? लावायला गेलं की ती ओरबाडते म्हणून लावला नव्हता. ‘पुढे काहीतरी घट्ट आहे’ हे त्या लबाडाचं वाक्य तिला आत्ता ऐकू आलं. ती घरी गेली नाही. राणीला घरी सोडायला तिने मालकाला फोनवरून सांगितलं आणि तशीच मुलांच्या दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, बोलायला रोखठोक. त्यांनी भिंगरीच्या पोटावर बोटं ठेवली, फोटो काढायला लावला, आणि तो दिव्यासमोर धरून धाकटीला दाखवला. “हे बघा. हे सगळं साचलेलं आहे. कित्येक आठवड्यांचं. मोठ्या माणसाला झालं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.”

“तिनेही घेतलंच होतं,” धाकटी म्हणाली.

“पोट कशावर दाबायची का? टेबलाच्या कडेवर, खुर्चीवर?”

“सोफ्यावर. सोफ्याच्या हातावर.”

“कधीपासून?”

धाकटीने सांगितलं.

“आणि घरात कुणालाच वाटलं नाही, की हिचं पोट दुखत असेल?”

तोवर नवरा येऊन दाराशी उभा होता. तो खाली बघत म्हणाला, “वाटलं होतं. वहिनी म्हणत होत्या.”

त्या क्षणी धाकटीला त्याचा इतका राग आला की त्याच्याकडे पाहवेना. पण तो खोटं बोलला नव्हता, हे तिला जास्त झोंबलं. शेजाऱ्याने सांगितलं असतं, दुकानातल्या हमालाने सांगितलं असतं, तरी तिने एकदा पोरीचं पोट चाचपून पाहिलं असतं. थोरलीने सांगितलं, म्हणून नाही पाहिलं. ही गोष्ट तिने तिथल्या तिथे गिळली, आणि ती खाली उतरली नाही.

भिंगरीला दाखल करून घेतलं. नाकातून नळी घालून औषध द्यावं लागलं. फार हाल झाले, तिचे आणि धाकटीचेही. पण पोट मोकळं झालं, आणि ज्या दिवशी झालं त्या दिवशी संध्याकाळी भिंगरी ओरडली नाही. खिडकीशी उभी राहिली आणि सावकाश, स्वतःशी हसत, गोल फिरली.

निघायच्या दिवशी धाकटीने डॉक्टरीणबाईंना जंतूंचं विचारलं. नवरा ऐकत होता, म्हणून मुद्दाम मोठ्याने विचारलं.

“जंतूंचं खोटं नाही,” त्या म्हणाल्या. “अशा मुलांच्या पोटातले जंतू वेगळे सापडतात कधीकधी. पण जंतूंमुळे मूल असं वागतं, की मूल आयुष्यभर ब्रेड आणि बटाटाच खातं म्हणून जंतू तसे होतात, याचा अजून कुणालाच धड पत्ता नाही. शोध चाललेत, मोठ्या रुग्णालयांत, सगळं तपासून. फ्रीजमधल्या डब्यातून नाही. दुसऱ्याचा आजार हिला लागला असता, आतडं फाटलं असतं. नशीब समजा.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “दुखणं सांगता येत नसेल तर मूल ते वागून सांगतं. तेवढं बघायला शिका.”

घरी परतल्यावर भिंगरीला रोज दुधातून औषधाची पूड सुरू झाली. संध्याकाळी शांत जायला लागल्या. बोलणं चार-दोन शब्दांचंच राहिलं, खाणं पांढरंच राहिलं. बाबा काही ती म्हणाली नाही. नवऱ्याने जिन्यात बसणं सोडलं, पण घरातही तो परक्यासारखा वावरायला लागला. एकदा भांडी पुसता पुसता म्हणाला, “चुकलं माझं. वहिनींचंही चुकलं. पण रोग पोटातच निघाला ना? आता तू सगळं पोटात घाल.”

“एवढं मोठं पोट नाही माझं,” धाकटी म्हणाली. “तू तिचे पाय धरले होतेस. पाय धरून भिंतीकडे बघत होतास. निदान तिच्याकडे तरी बघायचंस.”

तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. वर जाणं त्याने थांबवलं, की चोरून जात होता, हे तिने पाहिलं नाही. ती स्वतः त्या जिन्याकडे फिरकली नाही.

असंच चाललं असतं. पण एका सकाळी दुकानात एक बाई आली. आरशाची काच हवी म्हणाली, मापं मात्र तिला सांगता येईनात. शेवटी मुद्द्यावर आली. “तुमचीच मुलगी ना ती, जी ओरडायची? माझा मुलगा तसाच आहे. तुमच्या जाऊबाई आमच्या मोठ्याला गणित शिकवतात. त्या म्हणाल्या, त्या सल्लागारांकडे एकदाच नेलं आणि मुलगी शांत झाली. आम्ही परवा जातोय. फार त्रास होतो का हो मुलांना?”

धाकटीच्या हातातली पट्टी टेबलावर आपटली. “काही केलं नाही त्याने! करायच्या आधीच मी दार फोडून तिला आणली. तिला बद्धकोष्ठ झालं होतं, बद्धकोष्ठ! दवाखान्यात बरं झालं. त्या माणसाच्या सावलीला उभं करू नका पोराला!”

बाईचा चेहरा बघता बघता बंद झाला. “असं,” ती म्हणाली. “त्या म्हणाल्याच होत्या मला. तुम्ही कबूल करणार नाही म्हणून. तुमचं दोघींचं वैर सगळ्यांना माहीत आहे.”

“वैर आहेच. म्हणून मी खोटं बोलतेय का?”

“तुमची बरी झाली. आता दुसऱ्यांची नको व्हायला,” बाई म्हणाली आणि आरसा न घेताच निघून गेली.

त्या दिवशी धाकटी जिना चढली. थोरलीचं दार उघडंच होतं. टेबलावर वह्यांचे गठ्ठे. थोरली तपासत होती, राणी समोर अभ्यासाला बसली होती.

“तुमच्या शिकवणीतल्या त्या बाईला फोन लावा,” धाकटी म्हणाली. “आत्ता. आणि खरं सांगा.”

“मी काय खोटं सांगितलं?” थोरलीने पेन खाली ठेवलं नाही. “पोटाचं आहे म्हणाले, पोटाचं निघालं. त्याच माणसाला पहिल्यांदा समजलं, आत अडकलंय म्हणून. तुला समजलं होतं? आई ना तू?”

वर्मावरच बसला तो घाव.  “नाही समजलं,” धाकटी म्हणाली. “तुम्हाला आधी समजलं. घ्या, कबूल. तुमच्या तोंडून आलं म्हणून मी ऐकलं नाही, आणि माझ्या पोरीने ते भोगलं. आता लावा फोन.”

थोरलीला याची अपेक्षा नसावी. ती गडबडली, पण लगेच सावरली. “मी कुणाला फोनबिन लावणार नाही. शाळेत मान आहे मला. निघ इथून.”

“मी लावते,” राणी म्हणाली.

तिने आईचा फोन टेबलावरून उचलला. थोरली उठायच्या आत ती बाल्कनीत गेली आणि काचेच्या दाराची कडी बाहेरून लावली. काचेतून दोघी जावा बघत राहिल्या. आवाज बारीक येत होता, पण येत होता.

“काकी, मी राणी बोलतेय. आई म्हणाली ना भिंगरीला तिथे बरं वाटलं? ते खरं नाही. डबे माझे होते. मला माहीत आहे. तिला काही दिलंच नाही. ती खूप रडत होती म्हणे.” मग ती बराच वेळ ऐकत राहिली. “मग बरी कशाने झाली? थांबा हं.” तिने कडी काढली आणि फोन आईला ओलांडून धाकटीच्या हातात दिला.

“बरी नाही झाली,” धाकटी फोनवर म्हणाली. “ती आहे तशीच आहे. तिचं पोट साफ झालं. तुमच्या मुलाचं पोट आधी हात लावून बघा, आणि डॉक्टरला दाखवा. माझ्यावर विश्वास ठेवू नका हवं तर. डॉक्टरला विचारा.”

 पलीकडून फोन बंद झाला. त्या बाईने पुढे काय केलं, हे धाकटीला कधीच कळलं नाही.

थोरलीने राणीच्या थोबाडीत मारायला हात उचलला. धाकटीने तो मनगटातच पकडला. काच उचलणारा हात तो; थोरलीला सोडवता येईना. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकमेकींच्या श्वासाच्या अंतरावर.

“माझ्या घरात, माझ्या मुलीसमोर,” थोरली दात चावत म्हणाली.

“हो,” धाकटी म्हणाली. “आणि तिला पुन्हा डबा दिलात, किंवा आजच्यासाठी तिच्यावर हात टाकलात, तर दार कसं फोडायचं ते मला येतं.”

तिने हात सोडला. राणी गालाला हात लावून भिंतीशी उभी होती, मार बसलेला नसतानाही. धाकटीने तिचा गालावरचा हात हलकेच खाली घेतला. ती खाली आली. मागे थोरलीने दार इतक्या जोरात लोटलं की जिन्यातली खिडकी थरथरली. खाली भिंगरी दुधाचा पेला हातात धरून पायरीवर बसली होती, आणि तिच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून, तिचा बाप.